चीनला न गेलेली शेवंता

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. शेवंताची केस मात्र मला अजून तपशीलवार आठवते. शेवंता म्हणजे कबुतराची मादी.

मी मिशिगनमधल्या एका विमानतळाच्या पोलीस दलात होते; अलीकडेच निवृत्त झाले. बरीच वर्षं माझ्याकडे मालवाहतुकीचा विभाग होता. तिथे एका चिनी कंपनीची मालवाहू विमानं नियमित येत. या विमानांना प्रवासी खिडक्या नसतात. नाकाचा भागच वर उचलला जातो आणि समोरून लांबलचक पेट्या आत सरकवतात. येताना गाड्यांचे सुटे भाग, जाताना मिळेल तो माल. कधी जिवंत जनावरंसुद्धा. ती असली की आतलं तापमान त्यांना मानवेल असं ठेवतात. चोऱ्या होत, पण त्या मोबाइल फोनच्या. पक्ष्याची तक्रार माझ्याकडे पहिल्यांदाच आली.

त्या सकाळी नोव्हाय या जवळच्या गावाहून काकांचा फोन आला. काका आमच्या मराठी मंडळातले, मूळचे कोल्हापूरचे, मोटार कंपनीतून रिटायर झालेले इंजिनीअर. घरामागे त्यांनी ढाबळ, म्हणजे कबुतरांचं खुराडं, बांधली होती आणि शर्यतीची कबुतरं पाळली होती. त्यातली सगळ्यात वेगवान शेवंता. आठवड्यापूर्वी ढाबळीचं कुलूप तोडून कुणीतरी ती नेली होती. स्थानिक पोलिसांत तक्रार दिलेली होती. आता कबुतरांच्या शर्यतीच्या क्लबमधल्या एका मित्राने त्यांना सांगितलं की क्लबचाच एक सभासद आज चीनला कबुतरं पाठवतो आहे. तिकडे अशा कबुतरांना भलतीच मागणी.

"तुझ्या एअरपोर्टवरूनच चाललीत," काका म्हणाले. "एकदा विमानात चढली की संपलं बघ, पोरी. मी काय शांघायला ड्राइव्ह करू?"

चिनी कंपनीचा इथला व्यवस्थापक तिशीतला, नेमकं बोलणारा माणूस होता. मी कबुतरांची पेटी बाजूला ठेवायला सांगितली. त्याने एकदा विमानाकडे पाहिलं. "पेटी थांबवतो. विमान थांबणार नाही," एवढंच म्हणाला. म्हणजे माझ्या हातात दुपारपर्यंतचाच वेळ होता.

काका आले आणि जाळीतून बघताच म्हणाले, ही माझी. डाव्या पंखात एक पांढरं पीस होतं. पण मालकाने ओळखणं हा पुरावा नव्हे. पेटी पाठवणारा क्लबचा सभासदही तिथेच होता; पायातलं नंबराचं कडं त्याच्या नावावर होतं आणि कडं व कागद जुळत होते. पांढऱ्या पिसाची कबुतरं हजारो असतात, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

नियमाप्रमाणे दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवलं. काका माझ्या ओळखीचे, म्हणून त्यांचा जबाब सार्जंटने घेतला आणि त्या माणसाचा मी. खोटं बोलणारा अडखळतो, घाम पुसतो, हे सिनेमात. माझ्या अनुभवात तो फार व्यवस्थित बोलतो. या माणसाने शेवंताची वंशावळ सांगितली. ओहायोच्या हद्दीजवळ त्याची ढाबळ होती, म्हणजे नोव्हायच्या उलट्या दिशेला, आणि मादी तिथेच अंड्यातून निघाली म्हणे. मला कुठे बोट ठेवायला जागा मिळेना. शेवटी सहज विचारलं, हिला सोडलं तर कुठे जाईल?

"घरी," तो ऐटीत म्हणाला. "वाढलं तिथेच परततं कबुतर."

"मग सोडू या," मी म्हटलं.

त्याला आधी वारा आठवला, ससाणा आठवला, चीनमध्ये थांबलेलं गिऱ्हाईक आठवलं. मी तरीही उठले, तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे. म्हाताऱ्याला हवी तर देऊन टाका. बाकीच्या पक्ष्यांचं विमान चुकायला नको." तासभर हक्क सांगणारा माणूस पेटीतला सगळ्यात महागडा पक्षी असा सोडून द्यायला निघाला होता.

शेजारच्या खोलीत मी सार्जंटला तोच प्रश्न विचारायला लावला. काकांनी आधी वारा कुठल्या बाजूचा आहे ते विचारलं. मग म्हणाले, "सोडा की. वाट कसली बघताय?" आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "वाटेत ससाणा असतो. तरी सोडा."

हे उत्तर मी परत जाऊन त्या माणसाला जसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर त्याने फार ताणलं नाही. कुलूप आपणच तोडलं, काकांचं कडं कापून आपलं चढवलं, हे त्याने कबूल केलं. पेटी विमानात गेलीच नाही.

फोटो, सह्या, ताबा, सगळं उरकलं. मी गाडीतून शेवंताला पोहोचवणार होते, पण काकांना ते पटेना. आठवडाभर कोंडलीय, उडत येऊ दे, म्हणाले.

"इथे नाही हं," सार्जंट म्हणाला. "इथे पक्षी हाकलायला माणसं ठेवलीत."

म्हणून विमानतळापासून लांब, एका बंद पडलेल्या मॉलच्या पार्किंगमध्ये पिंजरा उघडला. शेवंताने दोन घिरट्या घेतल्या आणि ती गेली. थोड्या वेळाने ते चिनी विमानही डोक्यावरून गेलं. काकांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मग ते माझ्या गाडीत बसले.

आम्ही नोव्हायला पोहोचलो तेव्हा शेवंता ढाबळीच्या छपरावर बसून पंख साफ करत होती. काकांनी चष्मा पुसला. "तिला ट्रॅफिक नाही," म्हणाले आणि दाणे आणायला आत गेले.

त्यानंतर मी संशयितांना काय घडलं हे कमी विचारलं आणि आता काय करू या हे जास्त. काय घडलं याची उत्तरं लोक पाठ करून येतात. पुढच्या गोष्टीची तयारी कुणी केलेली नसते, आणि तिथे खरा मालकही घाबरतो. फक्त तो घाबरूनही हो म्हणतो. बऱ्याच केसेसमध्ये मला याचा उपयोग झाला.

निवृत्तीच्या वेळी काकांनी मला शेवंताचं पिल्लू देऊ केलं. मी नको म्हटलं; पक्ष्यांची घाण काढायला मला वेळ नाही. संध्याकाळी फिरायला मात्र मी त्यांच्या ढाबळीवरूनच जाते.