कोपऱ्यातल्या चपला

आमच्या गावातल्या थिएटरबाहेर परवा एका सिनेमाचं पोस्टर लागलं होतं. सगळा कागद पांढरा आणि खाली कोपऱ्यात झिजलेल्या चपलांचा एक जोड. बस्स! भाजीची पिशवी घेतलेली एक बाई त्यापुढं थांबली आणि हळूच म्हणाली, "आमच्या ह्यांच्या अश्शाच होत्या."

आज बघतो तर त्या पांढऱ्यावर हीरो-हिरॉइनचे चेहरे, खेळांच्या वेळा आणि कुणा भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा! मॅनेजरला जाब विचारला, तर म्हणतो, "एवढी जागा मोकळीच होती की, साहेब!"

मोकळं काही आपल्याला बघवतच नाही. ताटात जागा दिसली की वाढतो, भिंत दिसली की चिकटवतो. पण ती जागा मोकळी नव्हती हो! तिथं त्या बाईचा नवरा उभा होता.