एका पायाचा पोपट

उमाजीरावांचा कुणावर विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट ते लपवतही नसत. गॅसचा सिलेंडर आला की ते तो दारातच वजन करून घेत. एका डॉक्टरनं दिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय गिळत नसत. बायको अहल्या म्हणायची, "लग्नात अंतरपाट धरला होता ना, तेव्हासुद्धा हे पलीकडे वाकून बघत होते, मुलगी तीच आहे का म्हणून."

बंगळूरच्या चामराजपेटेतल्या घराच्या माडीवर त्यांचं काम चाले. घराणं शिंप्याचं. पूर्वज कधी काळी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी उरली, तीही निम्मी कन्नड. वडील मशीनवर बसून शिवायचे, उमाजीराव कॉम्प्युटरवर बसून भरतकाम आखायचे. ब्लाउजच्या पाठीवर मशीन जी नक्षी काढतं, तिचा एकेक टाका आधी कुणीतरी पडद्यावर मांडलेला असतो. चिकपेटेच्या कापडबाजारातल्या बऱ्याच दुकानांसाठी ते मांडणारे उमाजीराव.

माडीवर चार कॉम्प्युटर होते. एक त्यांचा. त्याला त्यांनी इंटरनेट कधी जोडूच दिलं नव्हतं. बाकीच्या तिन्हींवर अहल्या आणि मुलगी सुप्रीता यांचं राज्य. ऑर्डरी, मोठमोठे फोटो पाठवणं, परदेशातल्या गिऱ्हाइकांशी व्हिडिओवर बोलणं. या तिन्हींना नेट पुरवायचा मंजुनाथ, त्या भागातला केबलवाला. गच्च्यांवरून आलेली त्याची वायर खिडकीच्या कोपऱ्यातून आत शिरे. काही बिघडलं की सुप्रीता फोन करायची आणि तो स्कूटरवरून यायचा. अशी कित्येक वर्षं गेली होती.

एका दुपारी उमाजीराव चिकपेटेतून चालले होते. एका दुकानाच्या दाराशी ब्लाउजपीस टांगले होते. त्यातल्या हिरव्या कापडावर पोपटांची जोडी होती. डाळिंबाची फांदी, तिच्यावर दोन पोपट, एकाची मान वळलेली. उमाजीराव जागीच थांबले. ते पोपट त्यांचे होते. लग्नसराईसाठी एका व्यापाऱ्याला दिलेलं डिझाइन, अजून त्याच्याही दुकानात लागलं नव्हतं.

"हे कुठून आलं?" त्यांनी विचारलं.

"माल आहे सर, येतो," दुकानदार म्हणाला. "किती हवेत?"

त्यांनी एक पीस घेतला, घडी घालून पिशवीत टाकला आणि घरी येऊन कपाटात कुलूपबंद केला. अहल्यानं बघायला मागितला तर म्हणाले, "पुरावा आहे. हात लावू नको." पाठ भरून येईपर्यंत आखलेली ती जोडी डोळ्यांसमोरून हलेना. जेवतानाही ते भिंतीवरच्या त्या काळ्या वायरीकडे बघत होते.

"वायरीतून गेलं," ते म्हणाले. "दुसरीकडून जायला वाटच नाही."

"अप्पा, वायर म्हणजे काय खिडकी आहे, कुणीही डोकवायला?" सुप्रीता म्हणाली.

"वायर कुणाच्या घरातून येते? मंजुनाथच्या. मग?"

सुप्रीतानं समजावून बघितलं. पण त्यांनी शोध सुरू केला होता. मंजुनाथनं मध्यंतरी नवी स्कूटर घेतली, ती कुठून? त्याची बहीण चिकपेटेतच दिली आहे. परवा तो विनाकारण माडीवर आला होता. विनाकारण नव्हे, दिवे गेल्यावर नेट बंद पडलं म्हणून सुप्रीतानंच बोलावलं होतं. पण आता तेही त्यांना ठरवून केलेलं वाटू लागलं.

पुढच्या आठवड्यात वायर लोंबली म्हणून मंजुनाथ आला. गच्चीवर ती ओढून बांधत होता. उमाजीराव मागे जाऊन उभे राहिले.

"मंजुनाथ, तुझ्या ऑफिसात बसून तुला आमचं काय काय दिसतं?"

तो हसला. "लाइन चालू की बंद, एवढं दिसतं सर."

"आणि पोपट?"

"कसले पोपट?"

"तुलाच ठाऊक. चिकपेटेत कुणाला विकलेस?"

मंजुनाथच्या हातातली पक्कड थांबली. मग त्यानं वायरीची गाठ पुरी केली, सामान पिशवीत भरलं आणि "सरी सर", म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणून जिना उतरला.

"बघितलंस?" उमाजीराव खाली येऊन अहल्याला म्हणाले. "एक शब्द उलटून बोलला नाही. खरा असता तर भांडला असता."

अहल्या म्हणाली, "भांडला असता तर तुम्ही म्हणाला असतात, चोराला राग आला." पण त्यांचं लक्ष नव्हतं.

कनेक्शन बदलायचं ठरलं. सुप्रीतानं एका मोठ्या कंपनीच्या फायबरसाठी नाव नोंदवलं आणि शनिवारी विराज नावाचा तरुण आला. मूळचा नागपूरचा, आता एचएसआर लेआउटमध्ये राहणारा. घरातलं बोलणं ऐकून खूश झाला.

"अरे वा काका, मराठी! मला इथे दिवसभर हिंदीच बोलावं लागतं."

उमाजीरावांच्या कपाळाला आठी पडली. चहा घेऊन आलेल्या अहल्याला ते हळूच म्हणाले, "मुद्दाम मराठी बघून पाठवलाय. गोड बोलून गळ्यात मारायला."

मग चौकशी सुरू झाली. जाहिरातीतला वेग तिन्ही कॉम्प्युटरांना मिळून की प्रत्येकाला? मिळून, विराज म्हणाला. म्हणजे तिन्हींत वाटला जाणार, हे जाहिरातीत का नाही लिहिलं? आणि आपल्याकडून बाहेर पाठवायचा वेग उतरवून घेण्याच्या वेगाइतकाच का? काही प्लॅनमध्ये कमी असतो, विराजनं कबूल केलं. तुम्ही फोटो पाठवता, तर दोन्हीकडून सारखा असेल तोच घ्या. उमाजीरावांनी मान हलवली, जणू चोरी पकडली. वर्षभराचं बांधून घेणार का? मध्येच सोडलं तर? लाइन गेली तर कोण येणार, तू की फोनवरची बाई?

"फोनवर तक्रार करायची काका, मग माणूस येतो."

"कधी?"

विराजनं उत्तर द्यायला जरासा वेळ लावला, आणि तेवढा वेळ उमाजीरावांना पुरला.

"आणि तू मंजुनाथला ओळखतोस?"

"त्या केबलवाल्यांना? हो, खांबावर भेट होते कधी कधी."

"झालं!" उमाजीराव उठले. "सगळे एकमेकांचे मित्र." त्यांनी कपाट उघडलं, हिरवं कापड काढलं आणि विराजसमोर पसरलं. "हे बघ. हे माझ्या घरातून चोरीला गेलंय. तुझी कंपनी हे थांबवणार का, एवढं सांग."

विराज बिचारा पोपटांकडे बघत राहिला. अहल्या कप उचलायला आली होती. तिला ते कापड पहिल्यांदाच दिसत होतं. ती वाकली.

"याला एकच पाय आहे," ती म्हणाली.

"काय?"

"उजवीकडच्या पोपटाला. बघा ना. मीच नव्हतं सांगितलं तुम्हाला, दुसरा पाय राहिलाय म्हणून? मग तुम्ही घातलात."

सुप्रीता धावत आली. तिनं आपल्या कॉम्प्युटरवर व्यापाऱ्याला पाठवलेलं डिझाइन उघडलं. तिथे पोपट दोन पायांवर नीट बसला होता.

"अप्पा, मी दुरुस्त केलेलंच पाठवलं होतं. एका पायाचं माझ्याकडे आलंच नाही कधी. ते फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर होतं, आणि त्याला तर वायरच नाही."

उमाजीरावांचा हात आपोआप छातीकडे गेला. शर्टाच्या आत त्यांनी स्वतः शिवलेला चोरखिसा होता. वायरीवर भरवसा नाही म्हणून प्रत्येक नवं डिझाइन नमुना काढायला ते त्या खिशात पेनड्राइव्ह घालून, बसनं शहराबाहेर आनेकलच्या पुढे एका भरतकामाच्या कारखान्यात स्वतः नेत. एका पायाचा पोपट तिथेच पहिल्यांदा कापडावर उमटला होता. त्यांच्या हातानं गेला होता.

सोमवारी ते आनेकलला गेले. वाटेत त्यांनी भांडणाची वाक्यं जुळवून ठेवली होती. पण मशीनजवळच्या माणसानं काही नाकारलंच नाही.

"पेनड्राइव्ह लावला की आम्ही सगळं उतरवूनच घेतो सर. पुन्हा लागलं तर? कुणी मागितलं तर देतो. सगळ्यांचंच तसं." तो त्यांच्याकडे असा बघत होता, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

त्यांनी तिथलं काम तोडलं. ते सोपं होतं. अवघड होतं मंजुनाथच्या ऑफिसचा जिना चढणं. तिथे ते उभ्यानंच म्हणाले, "चूक माझी होती. वायरीतून नाही गेलं."

"सरी सर," मंजुनाथ म्हणाला. आधीचेच दोन शब्द. पण वर बघितलं नाही.

शेवटी निर्णय सुप्रीतानं घेतला. रोजच्या कामाला विराजचं फायबर, आधी एक महिना चालवून बघायचं या अटीवर. आणि कुठे रस्ता खणून ते तुटलं तर आधाराला मंजुनाथची लाइन, लहान प्लॅनवर. उमाजीरावांनी दोन्हींना मान डोलावली. तोंडानं म्हणाले, "दोघांवर मिळून अर्धा अर्धा विश्वास ठेवू." अहल्या हसली, पण तिच्या लक्षात आलं की ते स्वतः हसले नाहीत.

मंजुनाथ अजून येतो. काम चोख करतो, सुप्रीताशी बोलतो, अहल्याक्कांची चौकशी करतो. फक्त माडीवर पाऊल टाकण्याआधी तो दारात थांबतो आणि उमाजीरावांना हाक मारतो.

"सर, या. इथे शेजारी उभे राहा. मी काय करतो ते बघत राहा."

आणि उमाजीरावांना उभं राहावं लागतं.