शिसवी खाटेची गिटार

"गिटार परत घेऊन जा," पास्कल सर म्हणाले. "ती रोझरीला उत्तर देते."

सर गास गावचे, शाळेत शिकवतात. वडील गेल्यावर त्यांची शिसवी खाट मोडून लाकूड त्यांनीच गिटार करायला माझ्या गिरीज गावातल्या वर्कशॉपमध्ये आणलं होतं. गिटारची वरची फळी हलक्या, मऊ लाकडाची असते. तारांचा हादरा ती उचलते. त्यासाठी मी विकतचा स्प्रूस लावला. मागचं आणि बाजूचं लाकूड जड लागतं, आवाजाला खोली त्यानेच येते. ते या खाटेचं. इतकी वर्षं वाळलेलं शिसव बोटाने ठोकलं की घंटेसारखं वाजायचं. मी जाम खूश होतो.

भुताखेतांच्या गप्पा मला सहन होत नाहीत. संध्याकाळी तणतणत त्यांच्या घरी गेलो. सरांच्या आई भिंतीवरच्या गिटारखाली माळ घेऊन बसल्या होत्या. रोझरीत प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, उरलेला दुसऱ्याने. या घरात पहिला आजींचा, दुसरा त्यांच्या नवऱ्याचा. आजी पहिला भाग म्हणून थांबल्या, तरी गिटार गुणगुणतच राहिली. मी तारा सैल केल्या. पुन्हा तेच. माझ्या अंगावर काटा आला. नातवंडं तर हॉलमध्ये यायलाच तयार नव्हती.

मग डोकं चाललं. प्रत्येक पोकळ खोक्याला स्वतःचा एक सूर असतो. रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोललं की एखादाच सूर घुमतो, तसं. आजींचा सूर नेमका तोच होता. मी गिटार नेली, मागच्या फळीला आतून ब्रेस, म्हणजे लाकडी पट्टी, चिकटवली. सूर हलला, गिटार गप्प झाली.

चौथ्या दिवशी सरांचा फोन आला. "आई पहिला भाग म्हणते आणि वाट बघत बसते. मी पुढचं म्हटलं तर नुसती मान हलवते. माळ पहिल्या मण्यावरच अडली आहे, जेवणही सुटलंय."

"ती पट्टी काढा," सर म्हणाले.

काढली. ग्लू खरवडताना फळी किंचित पातळ झाली. म्हणजे सूर पहिल्यापेक्षा खाली गेला, आजींच्या सुराशी आता जुळणार नाही. मला फार वाईट वाटलं.

गिटार पुन्हा त्यांच्या भिंतीवर टांगली. आजींनी पहिला भाग म्हटला. माझ्या ट्यूनरवर त्यांचा सूर होता तोच होता. तरी गिटार गुणगुणली, खालच्या सुरात.

"आता बरोबर," आजी म्हणाल्या. "आधी त्यांचा आवाज जरा चढाच लागत होता."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. आजींनी मणी पुढे सरकवला. रात्री त्या पोटभर जेवल्या.

तो सूर कसा जुळला, ते मला आजही सांगता येत नाही. मी इतकंच शिकलो, की गिटार उघडण्याआधी तक्रार घरात नेमकी कोणाची आहे, ते विचारून घ्यायचं.