पुन्हा बेरजेपासून

उल्हास पाटणकर मूळचे कराडचे. विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात नोकरी लागली म्हणून लखनौला आले आणि विकास नगरात घर करून राहिले. त्यांची बायको मनीषा आणि मी एकाच बँकेत, त्यामुळे आमचं येणंजाणं पहिल्यापासूनचं. उल्हासराव नेमकं काय काम करतात हे कळायला मात्र मला बराच काळ लागला. नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकावंसं किती वाटतं आणि कशामुळे वाटतं, हे मोजणारी एक प्रश्नावली ते तयार करत होते. 'मुझे कठिन सवाल हल करने में मज़ा आता है', 'गणित के नाम से मुझे घबराहट होती है' अशी हिंदी वाक्यं असायची आणि प्रत्येक वाक्य आपल्याला कितपत लागू पडतं, ते मुलांनी खूण करून सांगायचं. ऐकायला सोपं, पण उल्हासराव एकेका शब्दापाशी महिनोन्‌महिने अडून बसत. लष्करी छावणीतल्या शाळेतली मुलं आणि खेड्यातली मुलं 'मज़ा' या शब्दाचा अर्थ एकच घेतात का, यावर ते एकदा जेवणभर बोलत होते आणि त्यांच्या ताटातली भाजी गार होत होती.

या कामासाठी ते लखनौजवळच्या मलिहाबादला मुलींच्या एका इंटर कॉलेजात जात. बारावीपर्यंतच्या शाळेला इकडे इंटर कॉलेजच म्हणतात. तिथं नुजहत खान गणित शिकवायच्या. त्यांच्या वर्गाची उत्तरं पाहून उल्हासराव चक्रावले. मुलींना गणिताची आवड कमी आणि भीती जास्त, असं प्रश्नावली सांगत होती. आणि त्याच मुली शाळा सुटल्यावरही गणितं सोडवत वर्गात बसलेल्या दिसत होत्या.

नुजहतबाईंना त्यात काही नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "सर, इन्हें गणित पसंद नहीं है। बैठती इसलिए हैं कि बगल वाली बैठी है। आपके पर्चे में यह कहाँ पूछा है?"

उल्हासरावांनी त्यांना नम्रपणे समजावलं की ही मैत्री झाली आणि मैत्री मोजणं हा वेगळा विषय आहे. बाईंनी वाद घातला नाही. पुढंही प्रश्नावल्या भरून घ्यायला त्या आनंदानं मदत करत राहिल्या.

मग एका जानेवारीत, ऐन धुक्याच्या दिवसांत, उल्हासरावांना पक्षाघाताचा झटका आला. हात लवकर सुधारला, बोलणंही जवळजवळ पूर्वीसारखं झालं. गेले ते आकडे. डॉक्टरांनी दहापासून उलटं मोजायला सांगितलं, तर ते नुसते त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. सतरा मोठे की एकाहत्तर, हे सांगता येईना. मेंदूचा नेमका तोच भाग दुखावला होता. सरावानं पुष्कळ परत येईल, पण सराव रोज हवा, असं डॉक्टर म्हणाले.

सराव ते करीनात. बेरजांची सोपी पानं घरी दिलेली होती, ती वर्तमानपत्राखाली सरकवून ठेवायचे. मनीषानं समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. एकदा बँकेत जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यासमोर रडली. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले आणि उसन्या उत्साहानं म्हटलं, चला भावजी, दोन बेरजा करू. त्यांनी पान पालथं घातलं.

"मूल गणित का टाळतं, यावर मी आयुष्यभर लिहिलंय," ते म्हणाले. "सगळं ठाऊक आहे. पण हात पुढं जात नाही."

नुजहतबाईंना हे सगळं उशिरा कळलं. जूनमध्ये त्या आपल्या बागेतले दशहरी आंबे घेऊन भेटायला आल्या. मनीषानं त्यांना स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन गणिताचा विषयच काढला नाही. निघताना एवढंच विचारलं, की माझी बहीण इथं जवळच राहते, रविवारी तिच्याकडे येणं होतं, पण तिथं लेकरांचा गोंधळ असतो. शाळा उघडली की वह्या तपासायला तुमच्या टेबलाशी बसले तर चालेल का?

जुलैपासून त्या येऊ लागल्या. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला वह्या मांडून तपासत बसायच्या. दुसऱ्या टोकाला उल्हासराव पेपर वाचत. बोलणं फारसं होत नसे. काही रविवार असेच गेले. मग एकदा उल्हासराव उठले, ती पानं शोधून घेऊन आले आणि त्यांनी बाईंकडे पेन्सिल मागितली. बाईंनी पेन्सिल दिली आणि पुन्हा वहीत मान घातली. उल्हासरावांच्या बऱ्याच बेरजा चुकल्या. बाई बघायला वाकल्या नाहीत. शेवटी त्यांनी स्वतःच पान पुढं सरकवलं, तेव्हा बाईंनी जिथं हातचा राहिला होता तिथं बारीकशी खूण करून पान परत दिलं.

त्या दिवसानंतर सराव थांबला नाही. थंडी पडायच्या सुमाराला एका रविवारी उल्हासराव म्हणाले, "नुज़हत जी, आपकी बात को मैंने दोस्ती कहकर टाल दिया था।"

"टाला कहाँ था," बाई म्हणाल्या. "आपने तो बड़े सलीक़े से समझाया था। बस मैं समझी नहीं थी।"

उल्हासराव इतके हसले की मनीषा आतून धावत आली. आजारपणानंतर त्यांना असं हसताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

प्रश्नावलीचा नवा भाग दोघांनी मिळून लिहिला. 'जब मुझसे सवाल नहीं बनता, तब भी कोई मेरे साथ बैठा रहता है' हे वाक्य बाईंचं. आकडेमोडीचा भरवसा उल्हासरावांना स्वतःचा वाटत नव्हता, म्हणून ती त्यांची विद्यार्थिनी ऋता हिनं केली. मलिहाबादच्या शाळेत कोणती मुलगी गणिताला चिकटून राहील, हे नव्या वाक्यांनी जुन्यांपेक्षा चांगलं सांगितलं. शहरातल्या ज्या शाळेत सगळेच कोचिंगला जातात, तिथं मात्र त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. उल्हासरावांना याचाही आनंद. का नाही झाला, हे आता शोधायचंय म्हणून. लेख छापून आला, त्यावर नुजहतबाईंचं नाव पहिलं होतं. तसा आग्रह उल्हासरावांनीच धरला होता.

आता ते एकटे बाजारात जाऊन येतात. भागाकाराला अजून कागद लागतो. बाई यंदा निवृत्त झाल्या, तरी येतात. संख्याशास्त्र शिकायचं त्यांच्या मनात होतं, ते राहून गेलेलं आता उल्हासरावांकडून शिकतात.

मनीषा काही फार देवधर्म करणारी नाही. पण रविवारी सकाळी ते टेबल ती कामवालीला पुसू देत नाही, स्वतः पुसते. मी एकदा कारण विचारलं. ती म्हणाली, "नुजहतबाईंसाठी मला एवढंच करता येतं गं."