पाठीतली सुई आणि उठून केलेला रामराम

डॉक्टर गेल्याची बातमी आली तेव्हा मी दाढी करत होतो. दवाखान्यातला माणूस ओट्यावर बसून रडायला लागला. मी अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून त्याला विचारलं, "बरं, किती वाजता काढणार आहेत?" बायको आतून बघत होती. तिला वाटलं, धक्क्यानं माझं भान सुटलं. छे! भान चांगलं शाबूत होतं. उरलेला गाल नीट घासला आणि स्मशानात गेलो. शाळेत एका बाकावर बसलेला माणूस, न जाऊन कसं चालेल? तिथे भाषणं झाली. 'देवमाणूस' हा शब्द इतक्यांदा कानावर आला की कान किटले. आता वर्तमानपत्राच्या या पुरवणीचे संपादक म्हणतात, वकीलसाहेब, तुम्ही त्यांचे बालमित्र, चार शब्द लिहा. लिहितो. ते गोड असतील असं मात्र मी कबूल केलेलं नाही.

धुळ्याला हायस्कुलात आम्ही एका खोलीत राहायचो. मी म्हसावदच्या पाटलाचा धाकटा, तो नंदुरबारच्या कारकुनाचा थोरला. हुशार होता, त्यात वाद नाही. पण पांझरेत पोहायला गेलो तरी काठावर चार माणसं जमेपर्यंत हा गडी पाण्यात उतरायचा नाही. पुढे मुंबईला डॉक्टरकी शिकला, परत येऊन नंदुरबारात दवाखाना थाटला, आणि पाठीत सुई देऊन ऑपरेशन करायला लागला. क्लोरोफॉर्म द्यायचा तर रोग्याच्या तोंडाशी दुसरा डॉक्टर बसवावा लागतो, श्वासावर नजर ठेवावी लागते. इथे दुसरा डॉक्टर आणायचा कुठून? मणक्यात सुई दिली की कमरेखालचं अंग मरून जातं आणि एकटा माणूस निवांत कापाकापी करू शकतो. हे त्यानं लोकांना सांगितलेलं कारण, आणि खोटं नव्हतं. खरं कारण वेगळं होतं. क्लोरोफॉर्मनं झोपलेला रोगी टाळ्या वाजवत नाही... सुई घेतलेला जागा असतो!

काय ते प्रयोग चालायचे! रोग्याच्या छातीशी पडदा, पडद्याअलीकडे डोकं, पलीकडे डॉक्टरचे हात. खिडकीशी नातेवाइकांची झुंबड. बैलगाडीतून एक रोगी यायचा तो वीस माणसं घेऊन, त्यामुळे प्रेक्षकांची कधी वाण पडली नाही. "विचारा त्यांना, यंदा कापूस किती झाला!" हा आतून ओरडायचा. रोगी आपला कापूस सांगायचा आणि बाहेरचे तोंडात बोटं घालायचे. मग पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचून दाखवायची. एका शेटजीनं पोट उघडं असताना सरकीचा भाव विचारला, ही गोष्ट तर त्यानं आमच्या पत्त्यांच्या डावात इतक्यांदा सांगितली, की शेटजी जिवंत असते तर त्यांनाही कंटाळा आला असता.

आणि तो अडाणी नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. याच डावात पानं पिसता पिसता त्यानं मला सगळं समजावलं होतं. औषध वर चढलं तर छाती दुबळी पडते. रक्ताचा दाब उतरतो. लघवी अडते, डोकं आठवडाभर ठणकतं. म्हणून रोग्याला आडवा ठेवायचा, उशीसुद्धा द्यायची नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत उठवायचं नाही. "लवकर बसवला तर सगळं रक्त खाली पायात, मेंदूला काय मिळणार वकील?" असं तो म्हणाला होता. ज्याला माहीत नसतं त्याला माफ करता येतं हो.

माझ्या थोरल्या भावाचा अंतर्गळ अडकला, उतरलेलं आतडं आवळून बसलं. दादा म्हसावदचा पाटील. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, ओकाऱ्या थांबेनात. प्रकाशा गावापाशी तापी ओलांडून गाडी नंदुरबारला आली तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते. डॉक्टरनं सुई दिली, आतडं मोकळं केलं, टाके घातले. काम उत्तम झालं, मी डोळ्यांनी पाहिलं. दादाला खाटेवर निजवलं. पाय अजून मेलेलेच होते. "आप्पा, मन्हा पाय शेत का कापी टाकात रे?" पाय आहेत की कापून टाकले, असं तो मला विचारत होता, आणि आम्ही दोघं हसत होतो. वहिनी दाराबाहेर उभी होती. एका हातात स्वतःसाठी पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात दादाचं पागोटं.

तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला. प्रांतसाहेब! डॉक्टरला तेव्हा सरकारच्या रावसाहेब किताबाचे डोहाळे लागले होते, म्हणून त्यानं साहेबाला दवाखाना बघायला बोलावून ठेवलेलं. आता आमच्याकडे पाटलाची रीत अशी, की प्रांत समोर आला तर पाटील बसलेला दिसता कामा नये. गावात साहेबाचा तंबू पडला की दादा तापानं फणफणलेला असला तरी पागोटं बांधून उभा राहायचा. साहेब आत आला आणि दादाची चुळबुळ सुरू झाली. एक शब्द पुरे होता. 'पाटील, पडून राहा, साहेब समजून घेतील.' साहेबानं खरंच समजून घेतलं असतं, भला माणूस होता. पण आमच्या डॉक्टरनं काय केलं? बाहेर जाऊन वहिनीच्या हातातलं पागोटं आणलं, दादाच्या डोक्यावर ठेवलं, पाठीखाली हात घातला आणि म्हणाला, "उठा पाटील, साहेबांना रामराम करा. बघा साहेब, आत्ता पोट फाडलेला माणूस!"

मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत दादा बसला होता. त्यानं हात जोडले. रामराममधला दुसरा राम तोंडातून आलाच नाही. चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला, पागोटं मांडीवर पडलं आणि तो डॉक्टरच्याच हातावर कलंडला. मग धावपळ. खाटेच्या पायथ्याखाली विटा, दंडात इंजेक्शन, दोन्ही हात वरखाली करून श्वास आणायची धडपड. घामानं निथळला डॉक्टर, ते खोटं नव्हतं. साहेब केव्हाच निघून गेला होता. दादाही.

डॉक्टर बाहेर आला. आमचे वीस-बावीस लोक उभे. त्यानं वहिनीच्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही त्यांना काही दिलं होतं का? पाणी, चहा?"

बस. एवढंच. आरोप नाही, नुसता प्रश्न. वकिली करून माझे केस पांढरे झाले, पण इतका पक्का प्रश्न मी उभ्या जन्मात विचारलेला नाही. वहिनी म्हणाली, "नै हो भाऊ, मी त्यास्ले पानीबी दिन्हं नै." पण लोकांची नजर तांब्यावर खिळली होती. मी तिथल्या तिथे ओरडलो, की यानं उठवून बसवलं म्हणून माझा भाऊ गेला. डॉक्टर हळू आवाजात म्हणाला, "वकील दुःखात आहेत." आणि आमचे काका, शहाणेच ते, मला समजावायला लागले: "आरे, सायेब उना तं उठनाच पडी ना! त्यामा कोन मरस?" साहेब आला म्हणून उठल्यानं माणूस मरतो हे त्यांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. बायकोच्या हातच्या पाण्यानं मरतो, हे मात्र लगेच शिरलं. धन्य आमची जात आणि धन्य आमची अक्कल!

तेव्हापासून म्हसावदला वहिनी म्हणजे नवऱ्याला पाणी पाजून मारणारी बाई. घरात कोणी आजारी पडलं की तिला त्या खोलीत येऊ देत नाहीत. तिच्या सख्ख्या नातवाला गोवर आला तेव्हा ती चार दिवस ओसरीवर बसून होती. मी घसा फोडून सांगितलं, चावडीवर सांगितलं. लोक म्हणायचे, वकील आहे, डॉक्टरावर खटला घालायचा असेल. तिला सोडवायला एकाच माणसाचं तोंड हवं होतं.

पुढे एकदा खांडबाऱ्याच्या स्टेशनात डॉक्टर मला सापडला. गाडीला वेळ होता. मी म्हटलं, एकदा म्हसावदला ये आणि चावडीवर एक वाक्य बोल, माझ्या वहिनीचा दोष नव्हता. माझं तुझ्याकडे दुसरं काही मागणं नाही. तो म्हणाला, "त्या एका वाक्यानंतर या मुलखात कोणी पाठीत सुई घेईल? अंतर्गळ अडकून किती मरतील, त्याचा विचार कर." यात तथ्य नव्हतं असं नाही. त्या सुईनं पुढे पुष्कळ माणसं जगली, मी नाही म्हणत नाही. म्हणून तर माझा जास्त तिळपापड होतो. भ्याड माणसाला खोटं कारण सुचलं तर ते आपण फेकून देऊ, खरं सुचलं तर काय करायचं? एवढं बोलून तो पहिल्या वर्गाच्या डब्यात चढला. रावसाहेब झाला होता ना तोवर.

परवा एका पक्षकाराला बघायला त्या दवाखान्यात गेलो. आता डॉक्टरचा पुतण्या चालवतो. शेतकरी माणूस, अंतर्गळाचंच ऑपरेशन, सुई देऊन नुकतंच आटोपलेलं. त्याची बायको बाहेर पायरीवर बसलेली. मी कंपाउंडरला विचारलं, हिला आत का नाही घेत? तो अभिमानानं म्हणाला, "मोठ्या डॉक्टरसाहेबांचा नियम आहे. बायकांना दुसऱ्या दिवसापर्यंत आत सोडायचं नाही. म्हसावदच्या एका बाईनं नवऱ्याला पाणी पाजून मारलं, तेव्हापासून." देवमाणसानं मागे ठेवलेली ही इस्टेट! मी विचारलं, आणि मोठी माणसं आली, मामलेदार, प्रांत, तर? "त्यांना कोण अडवणार साहेब?" म्हणाला.

मी कंपाउंडरला बाजूला सारलं. बाईला म्हटलं, चला. ती बिचारी भीत भीत आत आली, नवऱ्याच्या उशाशी उभी राहिली. मी तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवायला लावला आणि सांगितलं, उद्यापर्यंत याला उठू देऊ नका, कोणीही येवो.

तिनं विचारलं, "आन् सायेब उना तं?"

"सायेब उना तरी नै," मी म्हणालो. तिनं दुसरा हातही त्याच्या खांद्यावर ठेवला.