पाटीचा खालचा अर्धा

सकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी शंभू तोंडवळकर फळीवर उभा होता आणि इंग्रजीतलं दुसरं अक्षर संपवत होता. मनामाच्या बाजारातलं औषधांचं दुकान, दोन शिड्या, त्यांच्यावर आडवी टाकलेली फळी. फळीच्या उजव्या टोकाला रहिमतुल्ला. तो पाटीच्या वरच्या अर्ध्यात अरबी लिहीत डावीकडे सरकत होता, शंभू खालच्या अर्ध्यात इंग्रजी लिहीत उजवीकडे. ऊन चढलं की पत्रा तापतो आणि रंग नीट बसत नाही, म्हणून दोघंही न बोलता काम करत होते.

मधोमध आले की एकमेकांना ओलांडावं लागतं. पूर्वी ते सहज जमायचं. आता १९८४ साल आहे, दोघांची पोटं सुटली आहेत आणि फळी तेवढीच आहे. रहिमतुल्ला खोकतो, शंभू पत्र्याला चिकटून उभा राहतो आणि श्वास रोखतो.

ही फळी एकदा शंभूच्या पायाखालून जायची वेळ आली होती. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट.

शंभू मूळचा मालवणकडचा. तिथे तो होड्यांवर नावं रंगवायचा. बहारीनला आल्यावर अबू खलीलच्या पाट्या रंगवायच्या कारखान्यात इंग्रजी अक्षरांचं काम त्याच्याकडे आलं. अरबीचं काम हैदराबादेहून आलेल्या रहिमतुल्लाकडे होतंच. शंभूचं लग्न नुकतंच झालेलं, बायको काशीबाई गावी. सप्टेंबरात व्हिसा वाढवून मिळाला की तिला आणायचं, एवढाच त्याचा बेत होता.

१९७५च्या उन्हाळ्यात बाजारात बातमी पसरली की राष्ट्रीय सभेत, म्हणजे तिथल्या संसदेत, पाट्यांवरून वाद चालू आहे. या औषधवाल्याचे वडील तेव्हा गल्ल्यावर बसत. ते रोज पेपर वाचून रहिमतुल्लाला सांगत, आणि रहिमतुल्ला शंभूला. एका बाजूचं म्हणणं, अरबी ही देशाची राजभाषा, मग देशाच्या भिंतींवर दुसरी अक्षरं कशाला? आपली पोरं आपलं लिखाण विसरतील. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, बंदरात जहाज लागतं, त्यावरचा खलाशी दुकान काय वाचून शोधणार? भाषा घरात जपा, दारावर गिऱ्हाईक बघा. हे औषधवाले म्हातारे स्वतः पहिल्या बाजूचे होते, पण खोकल्याच्या औषधांची निम्मी विक्री खलाशांना होत असल्यामुळे दुपारनंतर ते दुसऱ्या बाजूला जात.

वाद लांबला तसे दुकानदार थांबले. नव्या पाटीवर इंग्रजी घालायचं आणि महिन्याभरात खरवडून काढायचं, हा खर्च कोणाला हवा? अरबीचं काम मात्र चालू राहिलं. अबू खलील सरळ माणूस होता, त्याने सरळच सांगितलं. एकच भाषा ठरली तर त्याला एकच रंगारी पुरेल, आणि शंभूचा व्हिसा तो वाढवणार नाही.

त्यानंतरचे दिवस शंभूने ब्रश धुण्यात आणि पत्रे घासण्यात काढले. पहाटे रहिमतुल्ला शिडी घेऊन एकटा बाहेर पडे, उन्हं वर आल्यावर परते. काय लिहिलं, कुठे लिहिलं, काही सांगत नसे. शंभूच्या मनात आलं, हा आता पाट्या आख्ख्या भरणार. मोठी अक्षरं, मोठी मजुरी. त्याच्या जागी आपण असतो तरी हेच केलं असतं, असंही त्याला वाटलं, पण त्याने राग कमी झाला नाही. त्याने रहिमतुल्लाबरोबर चहा प्यायचं सोडलं.

शेवटी एका संध्याकाळी तो बाजारात पाट्या बघायलाच गेला. पहिली दिसली ती शिंप्याची. वर अरबी, खाली नुसता पांढरा रंग. पुढची घड्याळवाल्याची, तीही तशीच. मग भांडीवाला, मग चपलांचं दुकान. सगळ्या नव्या पाट्यांचा खालचा अर्धा कोरा. तो एका पाटीखाली जाऊन उभा राहिला तेव्हा त्याला दिसलं की कोऱ्या भागावर निळ्या खडूच्या दोन रेघा मारलेल्या आहेत, वरची आणि खालची. इंग्रजी अक्षरांची उंची शंभू घ्यायचा तेवढीच.

दुसऱ्या दिवशी त्याने रहिमतुल्लाला विचारलं, गिऱ्हाइकांना काय सांगितलंस?

रहिमतुल्ला ब्रश पुसत होता. "मैं बोला, कायदे का क्या भरोसा. जगा रखो. आज मफी, कल इंशाल्ला." मफी म्हणजे नाही, एवढं बाजारातलं अरबी शंभूलाही येत होतं.

"आणि कायदा झालाच तर?"

"तो ऊपर थोडा मोटा लिखूंगा. अभी वो तेरा हिस्सा है मियाँ. मेरेकु अंग्रेजी आती नै." मग म्हणाला, "चाय पीता क्या, के अभी भी रोजा है तेरा?"

शंभू चहा प्यायला.

ऑगस्टच्या अखेरीस सभाच विसर्जित झाली. पाट्यांचा वाद ना इकडे लागला ना तिकडे. बाजार आठवडाभर थांबला, मग कंटाळला. अर्ध्या कोऱ्या पाट्या दात पडलेल्या तोंडासारख्या दिसतात, असं घड्याळवाला म्हणाला आणि पहिला तोच आला. त्याच्यामागे शिंपी, मग बाकीचे. एकाच वेळी एवढं इंग्रजी लिहायचं काम निघालं की अबू खलीलने शंभूचा व्हिसा स्वतः धावपळ करून वाढवून घेतला. काशीबाई पुढच्या वर्षी आली.

ती आल्यावर काही दिवसांनी म्हणाली, "सगळ्या बाजाराची नावा लिवतास, आपल्या दारार मात्र काय नाय."

मग दाराला पाटी झाली. वर रहिमतुल्लाचं अरबी, मध्ये इंग्रजी. खाली शंभूने बऱ्याच वर्षांनी मराठी लिहिलं, होडीवर लिहायचा तसं. रहिमतुल्लाने लांबून बघितलं आणि सांगितलं की तिसरी ओळ सगळ्यात चांगली उतरली आहे, पण ती वाचणार फक्त भाभी. काशीबाईला तेवढं पुरेसं होतं.

आज सहा वाजायच्या आत औषधवाल्याची पाटी पुरी झाली. वडलांच्या वेळची जुनी पाटी उतरवून त्याने दुकानात आत टेकून ठेवली होती. तिच्यावरही दोन्ही ओळी आहेत. दोघांनी फळी उतरवली, शिड्या व्हॅनवर बांधल्या. उद्या माहूजला दातांच्या डॉक्टरची पाटी आहे. व्हॅन पहाटे साडेचारला निघेल, आणि उजवी शिडी रहिमतुल्लाची, डावी शंभूची.