चुंबळीवरचा कॅमेरा

देवमन रोज पहाटे साडेतीनला उठायचा. जऊळक्याच्या स्टेशनात मालडबा लागला की ऊन चढायच्या आत तो रिकामा करावा लागे, कारण पत्रा तापला की आत दम निघत नाही. एका डब्यात दोनशेच्या आसपास पोती, एकेक पोतं क्विंटलचं, आणि माणसं चार. बाकीचे तिघे पोतं पाठीवर घेत. देवमन डोक्यावर घेई. जुन्या धोतराला पीळ भरून केलेली चुंबळ, तिच्यावर पोतं, आणि दोन्ही हात मोकळे. मान हलली की पोतं गेलं, म्हणून त्याची मान हलतच नसे. स्टेशनाबाहेर चहाची टपरी चालवणारा गोपीचंद कधी कधी त्याच्या पोत्यावर भरला कप ठेवायचा. "ने बरं गोदामापर्यंत!" देवमन न्यायचा. कप भरलेलाच उतरायचा.

शहात्तर सालच्या जानेवारीतल्या त्या दिवशी मात्र तो तीनलाच उठला. चुंबळ डोक्यावर घेतली नाही, पिशवीत ठेवली, आणि तिच्या खळग्यात एक कॅमेरा बसवला. गाडीचे हादरे लागू नयेत म्हणून. घागर बसते तसा कॅमेरा नेमका बसला. खांद्यावर लोखंडी तिवई घेतली आणि अकोल्याची पॅसेंजर पकडली. अकोल्याहून पुढे नागपूर.

कॅमेरा आणि तिवई जवळच्याच मालेगावच्या देवेंद्रकुमार शेठची. शेठचा फोटो स्टुडिओ होता. दिवाळीत त्याने दुकान बाजाराच्या दुसऱ्या टोकाला हलवलं, तेव्हा काचा, आरसे, रंगवलेला पडदा आणि औषधांच्या बाटल्या देवमनने एकट्याने वाहिल्या. अठरा खेपा. एक काच तडकली नाही. शेठने पैसे पुढे केले तर देवमन म्हणाला, "पैसे राहू द्या. तीन दिवस कॅमेरा द्या अन् चालवाले शिकवा."

हे सगळं मायसाठी होतं.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर देवमनची माय भागिरथा खोदायला होती. तिची कुदळ दगडावर वाजली. तिने भोवतालची माती हाताने काढली, आपल्या पिण्याच्या पाण्याने दगड धुतला. गुडघाभर उंचीचा बसका माणूस निघाला. दोन्ही हात वर उचललेले, त्यावरचं ओझं तुटून गेलेलं. भागिरथा पाहताक्षणी म्हणाली, "अगं बाई, हा तं हमाल हाये! डोक्यावर चुंबळ हाये पाहा."

अर्ध्या दिवसात जीप आली. साहेबाने मूर्ती वरवर पाहिली, कागदावर 'मुकुटधारी मूर्ती' असं लिहिलं आणि दगड नागपूरच्या अजायबघरात गेला. भागिरथा जीपमागे धावत ओरडली, "साहेब, मुकुट नाई तो!" सगळी टोळी हसली. गोपीचंदने तर तिचं नावच पाडलं, चुंबळवाली. "मुकुट देवाच्या डोक्यावर असते, माय. चुंबळ तुह्या पोराच्या डोक्यावर."

भागिरथाने उभ्या आयुष्यात खड्ड्याचं माप बोटभरही जास्त सांगितलं नव्हतं. मुकादम टेप न लावता तिचं माप लिहून घेई. तिला खोटं ठरवलेलं सोसेना. त्यात आता डोळ्यांवर सारा येऊन दिसणं अंधुक होऊ लागलं होतं. "मी मेली म्हंजे त्याचा मुकुटच राहून जाईन," ती म्हणे.

मागच्या दसऱ्याला देवमन दीक्षाभूमीवर गेला, तेव्हा वाट वाकडी करून अजायबघरात शिरला आणि मूर्ती पाहून आला. मायचं खरं होतं. गावात येऊन सांगितलं, तर गोपीचंद म्हणाला, "पोरगा मायचीच बाजू घेईन ना बाप्पा. त्यात काय नवल!"

तेव्हा ठरलं. फोटोच पाहिजे.

अजायबघरात देवमनने फोटोची वेगळी पावती फाडली. दालनाच्या दारात हेमसिंग नावाचा पहारेकरी उभा होता. खाकी कपडे, जाड मिशा.

"तिवई बाहेर ठेव."

"काहून?"

"नियम हाये. तिवई नाई, लाइटचा भपका नाई. पावती फाडली ना? हातात धरून काढ."

"हातात हलते ना भाऊ."

"मंग हलवू नको."

देवमनचं तोंड उतरलं. शेठने दहा वेळा बजावलं होतं: आत उजेड कमी, म्हणून बटण दाबून आठ मोजायचे, आणि तेवढ्यात कॅमेरा केसभर हलला की फोटो गेला. रिळात फोटो बारा. तिवई दाराशी टेकवून तो आत गेला. कोपऱ्यात, एका खांबासमोर, बुटक्या चौथऱ्यावर तो दगडाचा माणूस बसला होता. खाली पाटी: मुकुटधारी मूर्ती.

पहिला फोटो त्याने हातात धरूनच काढला. पाचाला मनगट थरथरलं. हा गेला, हे त्याला तेव्हाच कळलं. मग त्याने पिशवीतून चुंबळ काढली, फरशीवर ठेवली, तिच्यात कॅमेरा बसवला.

"उचल, उचल!" हेमसिंग धावत आला. "फरशीवर काई ठेवाचं नाई."

"मंग कठड्यावर ठेवू?"

"कठडा कोनाचा?"

"सरकारचा."

"अन् खिडकी?" हेमसिंगने विचारलं.

"ते बी सरकारची," देवमनच म्हणाला. "म्हंजे सरकारच्या कशालेच काई टेकवाचं नाई."

"आता समजलं तुले."

देवमन उभा राहिला. हातात चुंबळ, चुंबळीत कॅमेरा. त्याने खांबाकडे पाहिलं.

"भाऊ, मानूस टेकला तं चालते?"

"म्हंजे?"

"मी खांबाले पाठ लावून खाली बसलो तं?"

हेमसिंगने मिशीवरून हात फिरवला. "मानसाले मनाई नाई. थकले का लोक बसतेतच."

"अन् डोक्यावर काई ठेवलं तं?"

"कोनाच्या?"

"माह्या!"

हेमसिंगने नियम आठवून पाहिले. नियमात डोकं नव्हतं. तोवर देवमन मांडी घालून बसलाही होता. पाठ खांबाला, मणका सरळ, डोक्यावर चुंबळ, चुंबळीत कॅमेरा. मान दगडाची झाली.

आता एकच अडचण. कॅमेऱ्याची बघायची काच वरच्या अंगाला, आणि कॅमेरा डोक्यावर. त्याला स्वतःला काही दिसेना.

"भाऊ, वरून जरा पाहून सांगता का, मूर्ती येते का काचेत?"

"मी ड्यूटीवर हावो."

"पाहाले मनाई हाये का?"

"तू लय वस्ताद हायेस बे!" असं म्हणत हेमसिंग वाकला. "निस्ते पाय दिसून राह्यले. वर घे. अजून. अबे, लय वर गेला! खाली... बस, बस! हालू नको आता!"

देवमनने हात वर नेला, बटणावर बोट ठेवलं. पोतं उचलताना छाती भरून श्वास धरतात. इथे ते उपयोगाचं नव्हतं, भरल्या छातीने मान वर सरकते. त्याने अर्धा श्वास सोडला, मग धरला, मग बटण दाबलं.

"एक, दोन, तीन..." मोजणारा हेमसिंग होता. कोणी सांगितलं नव्हतं.

दर फोटोनंतर कॅमेरा उतरवायचा, रीळ फिरवायचं, पुन्हा तो बसवायचा, पुन्हा नेम. तिसऱ्याला एका बाईने मोठ्याने विचारलं, "अगं माय, याले काय झालं?" आणि देवमन हसला. तो फोटो गेला. सहाव्याला मांडीत गोळा आला. तोवर दहा-पंधरा माणसं जमली होती आणि हेमसिंग त्यांना दटावत होता, "मांगं सरका! उजेड अडवू नका मानसाचा!" नवव्याला मात्र सगळं दालन गप्प झालं. आठ अंक झाले. देवमनला हृदयाचा ठोकाही मानेपर्यंत आल्याचं जाणवलं नाही.

"हा जमला," तो पुटपुटला.

"कसा काय कळलं?"

"पोतं नीट बसलं का कळते ना भाऊ. तसंच."

बारा संपले. उठताना हेमसिंगने त्याला हात दिला. मग मूर्तीकडे आणि देवमनच्या हातातल्या चुंबळीकडे आळीपाळीने पाहिलं. पाटी वाचली. तिवई त्याने स्वतः उचलून फाटकापर्यंत आणून दिली.

मालेगावला देवेंद्रकुमार शेठ रीळ घेऊन अंधाऱ्या खोलीत गेला. देवमन बाहेर बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला. आतून शेठ एकेक ओरडू लागला. "पहिला गेला! दुसरा धूर! तिसरा धूर!" देवमन परत उठला. बराच वेळ आवाज नाही. मग दार धाडकन उघडलं. शेठच्या हातात ओली फिल्म.

"ये, ये, ये! नववा पाहा! अरे, पीळ मोजून घे!"

देवमनने उजेडाकडे धरून मोजले. सात पीळ. गुंडाळलेल्या कापडाचं टोकसुद्धा आत खोचलेलं दिसत होतं.

"मुकुटाले कुठं खोचलेलं टोक असते?" शेठ मोठ्याने हसला. "कोन्या तिवईवर काढला?"

देवमनने डोक्यावर टपली मारून दाखवली.

छापलेला फोटो दोन बोटं रुंद, दोन बोटं उंच. भागिरथाने तो नाकाशी नेला, लांब धरला, ओट्यावर उन्हात धरला. मग परत दिला.

"हे तं टिकली हाये, बापू. मले काईच दिसत नाई."

देवमनने शेठला मोठ्या फोटोचा खर्च विचारला. दुसऱ्या दिवशीपासून तो साडेतीनऐवजी तीनला उठू लागला. जानेवारी-फेब्रुवारीत ज्वारीचे डबे भरपूर. दुसऱ्या टोळीचा माणूस आजारी पडला की तिथलीही पोती वाही. दोन महिने त्याने एक दिवस सुटी घेतली नाही. कप ठेवायला गोपीचंदला त्याच्याकडे वेळच सापडला नाही.

होळीच्या आधी मोठा फोटो आला. हातभर उंच. भागिरथाने काचेवर बोट ठेवलं आणि डोक्यावरच्या कड्यावरून सावकाश फिरवलं, एका पिळावरून दुसऱ्यावर. ओठ हलत होते. सात झाले तशी ती थांबली.

"बाप्पा! पीळ उलटा हाये याचा. डावखोरा होता गडी."

"घरात कुठं लावू, माय?"

"घरात कायले? घरात मले कोन खोटी म्हनते? गोपीचंदच्या टपरीत लाव."

देवमन फोटो डोक्यावर घेऊनच गेला, माय मागोमाग. गोपीचंदने हातातली किटली खाली ठेवली. फोटोजवळ आला, वाकला, पीळ मोजले. पुन्हा मोजले. मग साखरेचे डबे बाजूला सारून भिंत मोकळी केली आणि भागिरथाकडे वळला.

"बस, माय. चहा घे." मग हळूच, "हा बी तुमच्याच टोळीतला निंघाला."

"म्या तं पयल्याच दिवशी सांगतलं होतं," भागिरथा म्हणाली आणि बाकावर बसली.

देवमनने हातोडी घेतली. दोन महिन्यांच्या जादा हमालीतून आलं ते एवढंच: हातभर उंच एक फोटो, त्यावर काच, सागाची चौकट, आणि चार खिळे.